फक्त कार्यालयीन उपयोगासाठी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बँकेत, टपाल कचेरीत किंवा तहसीलदार कार्यालयात मिळणारा कोणताही छापील अर्ज घ्या. वरचे रकाने आपल्यासाठी असतात : नाव, पत्ता, जन्मतारीख. अगदी तळाशी एका रेघेखाली बारीक अक्षरांत छापलेले असते, ‘फक्त कार्यालयीन उपयोगासाठी’. त्या रेघेखाली आपण काही लिहायचे नाही, हे कोणी न सांगता आपल्याला कळते. पण ती चौकट आपल्याला दिसत असते, ही त्यातली गंमत. अर्ज खिडकीतून आत दिला की तिथे कोणीतरी क्रमांक घालणार, कोणीतरी ‘पडताळले’ म्हणून सही करणार, कोणीतरी मंजूर किंवा नामंजूर यांतला एक शब्द खोडणार, एवढा अंदाज आपल्याला खिडकीबाहेर उभ्या उभ्या येतो. कागद सगळ्यांना सारखाच दिसतो. समोर कोण उभा आहे हे कागदाला कळत नाही.

संगणकावरच्या अर्जाला ते कळते. आज मोठ्या कंपन्या, बँका, रुग्णालये आणि सरकारी खाती यांतली रजा, प्रवासाची बिले, खरेदीच्या मागण्या, तक्रारी, बढत्या हे सगळे ज्या सॉफ्टवेअरमधून फिरते, त्याला वर्कफ्लो म्हणतात. पूर्वी शिपाई फाइल बगलेत मारून या टेबलावरून त्या टेबलावर नेत असे. आता अर्ज जागचा हलत नाही, त्याच्यासमोरची माणसे बदलतात आणि प्रत्येकाला त्याच अर्जाचे निराळे रूप दिसते. एकाला दिसणारा रकाना दुसऱ्याला दिसत नाही. ऐकायला ही बाब किरकोळ वाटेल; पण माणसाचा पगार, बढती आणि अब्रू या तिन्ही गोष्टी कधी ना कधी अशा एखाद्या रकान्यात येऊन बसतात.

एक साधे उदाहरण घेऊ. कंपनीतला एक कर्मचारी कामासाठी पुण्याहून कोल्हापूरला जाऊन आला आणि प्रवास खर्चाचा अर्ज भरायला बसला. ‘प्रवास कशाने केला?’ या रकान्यात त्याने ‘रेल्वे’ निवडले, तर पुढे तिकिटाची रक्कम विचारणारा रकाना उघडतो. ‘स्वतःची गाडी’ निवडले, तर तिकिटाचा रकाना नाहीसा होतो आणि ‘किती किलोमीटर?’ असा दुसरा येतो. अर्ज वरिष्ठांकडे गेला की त्यांना ‘शिफारस’ हा रकाना दिसतो. तो त्या कर्मचाऱ्याला दिसत नव्हता. लेखा विभागाला ‘खर्चाचे शीर्ष’ दिसते, ते वरिष्ठांनाही दिसत नव्हते. म्हणजे सॉफ्टवेअर प्रत्येक रकान्याबाबत मनाशी तीन प्रश्न विचारते : समोर कोण आहे, अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे, आणि आधीच्या रकान्यांत काय भरले आहे. उत्तर नुसते ‘दाखव’ किंवा ‘लपव’ एवढेच नसते. रकाना दिसेल पण त्यात लिहिता येणार नाही, दिसेल आणि लिहिता येईल, किंवा दिसेल आणि भरल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही, असेही असते.

जरा हिशेब करून पाहा. अर्जात 30 रकाने आहेत, पाच प्रकारची माणसे तो हाताळतात आणि त्याचे सहा टप्पे आहेत. 30 गुणिले 5 गुणिले 6, म्हणजे 900 ठिकाणी कोणीतरी ठरवले पाहिजे की रकाना दिसेल की नाही. एका साध्या अर्जाची ही गोष्ट. हे नऊशे निर्णय साहेब लोक बैठकीत बसून घेतात असे कोणी समजू नये. आस्थापना शाखेकडून एक अर्धवट तक्ता येतो आणि उरलेल्या जागा हिंजवडीत किंवा बंगळुरूत बसलेला एखादा पंचविशीतला मुलगा आपल्या अदमासाने भरतो. त्याचा अदमास बहुतेक वेळा बरोबर निघतो, हे मला तरी आश्चर्यच वाटते.

चुकतो तेव्हा काय होते? सर्वांत सामान्य घोटाळा असा, की एक रकाना सक्तीचा ठरवला जातो आणि दुसऱ्याच कोणा नियमाने तोच रकाना लपवलाही जातो. अर्जदार ‘पाठवा’चे बटण दाबतो. पडद्यावर तांबडी सूचना येते : सर्व आवश्यक रकाने भरा. त्याने तर सगळे भरलेले असतात! जो राहिला आहे तो त्याला दिसतच नाही. सॅप नावाचे हिशेबाचे जर्मन सॉफ्टवेअर जगभरच्या मोठ्या कंपन्यांत चालते. त्यात प्रत्येक रकान्याला ‘सप्रेस’, ‘रिक्वायर्ड’, ‘ऑप्शनल’ असे दर्जे देतात, आणि हे दर्जे दोन ठिकाणांहून येतात, खात्याच्या गटाकडून आणि नोंदीच्या प्रकाराकडून. एकाने ‘लपव’ म्हटले आणि दुसऱ्याने ‘सक्तीचा’, तर सॅप नोंद थांबवून नियम जुळत नसल्याची तक्रार करते. सर्व्हिसनाऊ या दुसऱ्या प्रसिद्ध सॉफ्टवेअरने वेगळी वाट धरली. सक्तीचा रकाना रिकामा असेल, तर तो लपवायलाच ते नकार देते. मला ही दुसरी रीत अधिक शहाणपणाची वाटते. ज्याला अर्ज भरायचा आहे त्याला निदान अडले कुठे ते कळते.

दुसरा घोटाळा जास्त बेरकी आहे. मघाच्या कर्मचाऱ्याने आधी ‘स्वतःची गाडी’ निवडले आणि 460 किलोमीटर असे लिहिले. मग आठवले, की परतीच्या वेळी गाडी दुरुस्तीला टाकून आपण रेल्वेने आलो, म्हणून त्याने वेगळा अर्ज न करता निवड बदलून ‘रेल्वे’ केली. किलोमीटरचा रकाना पडद्यावरून गेला. पण त्यातले 460 कुठे गेले? सॉफ्टवेअर नीट लिहिलेले नसेल तर कुठेच जात नाहीत. ते आत तसेच राहतात आणि महिन्याच्या शेवटी बिलाची बेरीज करणारा प्रोग्रॅम त्यांना दराने गुणून रक्कम काढतो. कर्मचाऱ्याने लबाडी केलेली नसते, वरिष्ठांना 460 दिसलेले नसतात आणि तरीही तिकिटाचे पैसे आणि गाडीचे पैसे असे दोन्ही निघतात. सहा महिन्यांनी लेखापरीक्षक येतो तेव्हा खुलासा मात्र त्या कर्मचाऱ्याकडे मागितला जातो. रकाना लपवला की त्यातला मजकूर पुसायचा की ठेवायचा, हे स्वतंत्रपणे ठरवावे लागते, आणि नेमके हेच विसरले जाते.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. रकाना लपवणे म्हणजे नेमके काय होते?

समजा, तुम्ही जेवायला बसला आहात आणि यजमानांना तुम्हाला लोणचे दाखवायचे नाही. ते दोन प्रकारे करता येईल. एक, स्वयंपाकघरातच ताटात लोणचे वाढायचे नाही. दुसरे, ताट सगळे वाढून आणायचे आणि लोणच्यावर वाटी उपडी घालायची. बसल्या जागेवरून दोन्ही ताटे सारखीच दिसतात. पण दुसऱ्या ताटात वाटी उचलायचा अवकाश! संगणकाचेही तसेच आहे. माहिती मुळात दूरच्या मोठ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर असते. तिथून ती तुमच्या टेबलावरच्या संगणकात येते आणि मग ब्राउझर ती पडद्यावर मांडतो. रकाना ब्राउझरने लपवला असेल, तर माहिती तुमच्या संगणकात येऊन पोचलेली असते, वर फक्त वाटी उपडी असते. सर्व्हरनेच ती पाठवली नसेल, तरच ती खरोखर तुमच्यापासून दूर आहे. सर्व्हिसनाऊमध्ये या दोन गोष्टींची नावेही वेगळी आहेत. ब्राउझरात चालणारी ती ‘यूआय पॉलिसी’, आणि सर्व्हरवर पहारा देणारा तो ‘ॲक्सेस कंट्रोल’. पहिली सोयीसाठी आहे आणि दुसरा बंदोबस्तासाठी.

वाटी उचलायला काही विद्या लागत नाही. ब्राउझरमध्ये पानाचा मूळ मजकूर पाहण्याची सोय असते, एक-दोन कळा दाबल्या की झाले. इंटरनेटवरची दुकाने नवी होती त्या काळात, म्हणजे 2000 सालाच्या आसपास, काही दुकानांच्या सॉफ्टवेअरात वस्तूची किंमत अशाच एका लपवलेल्या रकान्यात ठेवलेली असे. गिऱ्हाइकाने तो रकाना उघडून आकडा बदलला आणि अर्ज पाठवला, की दुकान ती नवी किंमत मुकाट्याने मान्य करी. किंमत लिहिलेली पाटी गिऱ्हाइकाच्या हातात देऊन ‘बदलू नका हं’ म्हणण्यातला हा प्रकार.

ही चूक जुन्या काळाबरोबर गेली असे मात्र नाही. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील मिझुरी राज्यात जे घडले ते सांगण्यासारखे आहे. तिथल्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर कोणाही नागरिकाला शिक्षकांची प्रमाणपत्रे तपासता येत. पडद्यावर नाव आणि पात्रता दिसे. पण ‘सेंट लुइस पोस्ट-डिस्पॅच’ या वृत्तपत्राच्या एका पत्रकाराच्या लक्षात आले, की पानाच्या मूळ मजकुरात शिक्षकांचे सोशल सिक्युरिटी क्रमांकही येत आहेत. अमेरिकेत हा क्रमांक चोराच्या हाती लागला, तर तो तुमच्या नावावर कर्ज काढू शकतो. अशा एक लाखाहून अधिक शिक्षकांचे क्रमांक उघड्यावर होते. आकडे थोडे सांकेतिक रूपात होते खरे, पण ते रूप उलगडणे कठीण नव्हते. वृत्तपत्राने आधी खात्याला कळवले, खात्याने ते पान बंद करेपर्यंत बातमी रोखून धरली, आणि मगच छापली. यावर राज्याचे गव्हर्नर माइक पार्सन यांनी पत्रकार परिषद घेऊन त्या पत्रकारालाच घुसखोर ठरवले आणि खटला भरण्याची भाषा केली. पोलीस तपास झाला. फेब्रुवारी 2022 मध्ये सरकारी वकिलांनी खटला भरण्यास नकार दिला. खात्याने स्वतःहून घरी पाठवलेले ताट त्या पत्रकाराने फक्त नीट पाहिले होते.

पडद्याइतकीच काळजी घेण्याजोग्या आणखी काही वाटा आहेत, त्या चटकन सांगून टाकतो. पडद्यावर न दिसणारा रकाना ‘एक्सेलमध्ये उतरवून घ्या’ या बटणाने तक्त्यात अलगद उतरतो. ‘आपल्याकडे अर्ज आला आहे’ असे सांगणाऱ्या ई-मेलमध्ये कधी कधी अख्खा अर्ज चिकटवलेला असतो. छापील प्रत वेगळ्या साच्यातून निघते. आणि ‘बदलांचा इतिहास’ नावाची एक यादी असते, तिच्यात अमुक साहेबांनी शेरा ‘समाधानकारक’वरून ‘असमाधानकारक’ असा केला, हे वेळेसकट लिहिलेले असते. शेऱ्याचा रकाना लपवला आणि ही यादी उघडी राहिली, म्हणजे समोरच्या दाराला कुलूप लावून परसदार सताड उघडे टाकल्यासारखे झाले.

इथपर्यंत आपण असे धरून चाललो, की लपवायचे ते नीट लपवावे. पण काही रकाने लपवणेच अन्यायाचे असते. आपल्या देशात याचा निवाडा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे, आणि तोही संगणकाशी काही संबंध नसलेल्या प्रकरणात.

सरकारी नोकरीत असलेल्यांना ‘गोपनीय अहवाल’ हा शब्द समजावून सांगायला नको. वरिष्ठ दरवर्षी हाताखालच्या माणसाबद्दल शेरा लिहीत. शेरा प्रतिकूल असेल तरच तो त्या माणसाला कळवायचा, एरवी नाही, असा शिरस्ता होता. देव दत्त नावाचे एक कार्यकारी अभियंता सीमा रस्ते संघटनेत होते. अधीक्षक अभियंता पदावरच्या बढतीसाठी पाच वर्षे ‘व्हेरी गुड’ असा शेरा लागे. त्यांना 1993-94 या एका वर्षी ‘गुड’ मिळाला होता. ‘गुड’ म्हणजे चांगला. तो प्रतिकूल नाही, म्हणून कळवला नाही. पण त्याच ‘चांगल्या’ शेऱ्याने बढती हुकली. कळवलाच नाही, तर त्याविरुद्ध दाद कशी मागणार? 12 मे 2008 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की शेरा चांगला असो, वाईट असो वा मधला, प्रत्येक शेरा संबंधिताला कळवलाच पाहिजे, न कळवणे हा मनमानीपणा आहे. तोवर देव दत्त निवृत्त झाले होते. शेरा त्यांना कळवावा, त्यांचे म्हणणे ऐकावे, आणि शेरा सुधारला तर बढतीचा पूर्वलक्षी विचार करून त्याप्रमाणे निवृत्तिवेतन द्यावे, असे न्यायालयाने सांगितले.

पुढच्याच वर्षी, मे 2009 मध्ये, केंद्राच्या कार्मिक खात्याने आदेश काढला, की संपूर्ण अहवाल, एकूण गुण आणि सचोटीबद्दलचा अभिप्राय धरून, कर्मचाऱ्याला दाखवावा आणि त्याला म्हणणे मांडायला 15 दिवस द्यावेत. अहवालाच्या नावातला ‘गोपनीय’ हा शब्द गेला आणि तो ‘वार्षिक कार्यमूल्यमापन अहवाल’ झाला. आता भारतीय प्रशासकीय सेवेतील अधिकाऱ्यांचे हे अहवाल ‘स्पॅरो’ नावाच्या संगणक प्रणालीतून फिरतात. अधिकारी आपल्या कामाचा गोषवारा लिहितो, मग प्रतिवेदन करणारा वरिष्ठ, मग पुनर्विलोकन करणारा, मग स्वीकृती देणारा. रकान्यांच्या दिसण्या-न दिसण्याचा हा अगदी नमुनेदार पाठ आहे. वरिष्ठाचे लिहून व्हायचे असताना त्याचा शेरा अधिकाऱ्याला दिसू नये, हे रास्त आहे. नाहीतर वरिष्ठ मोकळेपणाने लिहिणार नाही, आणि लिहिता लिहिता दारावर टकटक होईल. पण शेवटची सही झाल्यावरही तो शेरा लपलेला राहिला, तर देव दत्तांचीच गोष्ट पुन्हा घडेल. तोच रकाना, तोच माणूस. फक्त टप्पा बदलला, आणि काल जे योग्य होते ते आज अन्यायाचे झाले. म्हणून मघाच्या तीन प्रश्नांत ‘अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे’ हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. घाईत तक्ता भरणारी मंडळी ‘कोणाला’ हे लिहितात आणि ‘कधीपर्यंत’ हे लिहायचे राहून जाते.

आणखी एक अनुभव अमेरिकेचाच आहे, आणि तो विचारात पाडणारा आहे. तिथे नोकरीच्या अर्जावर एक चौकट असे : तुम्हाला पूर्वी कधी शिक्षा झाली आहे का? तिथे ‘हो’ अशी खूण केली की अर्ज बहुधा केराच्या टोपलीत जाई. शिक्षा भोगून आलेल्याला निदान मुलाखतीपर्यंत पोचू द्यावे, म्हणून ती चौकट पहिल्या अर्जातून काढावी अशी चळवळ झाली. हवाई राज्याने 1998 मध्ये तसा कायदा केला, मग इतर अनेक राज्यांनी केला. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठीचा कायदा 2019 मध्ये मंजूर झाला. प्रश्न रद्द झाला नव्हता, तो फक्त पुढच्या टप्प्यावर ढकलला होता. हेतू शंभर टक्के चांगला.

अमांडा एगन आणि सोन्या स्टार या दोघी संशोधकांनी न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क शहर इथे सुमारे 15,000 बनावट अर्ज पाठवून याचा परिणाम तपासला. त्यांचा निबंध 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या कंपन्यांच्या अर्जावर ही चौकट होती, तिथे आधी गोऱ्या उमेदवारांना तशाच पात्रतेच्या काळ्या उमेदवारांपेक्षा 7 टक्के जास्त बोलावणी येत होती. चौकट गेल्यावर हा फरक 43 टक्के झाला. खरे उत्तर दिसेनासे झाले, तेव्हा मालकांनी वंशावरून अंदाज बांधायला सुरुवात केली. ज्यांनी कधी गुन्हा केला नव्हता आणि पूर्वी ‘नाही’वर खूण करून तसे दाखवू शकत होते, त्यांचे त्यात नुकसान झाले. म्हणून चौकट परत आणावी, असे मी म्हणणार नाही. पण रकाना लपवला की वाचणाऱ्याच्या मनातली ती जागा रिकामी राहत नाही, तो ती आपल्या परीने भरतो, एवढे यातून दिसते. जात, वय, लग्न झाले आहे का, मुले किती, असले रकाने मुलाखत घेणाऱ्यापासून लपवताना आपल्याकडच्या कार्यालयांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. रकाना लपतो, आडनाव मात्र अर्जाच्या पहिल्या ओळीत असते.

तुमच्या कार्यालयात असे सॉफ्टवेअर येऊ घातले असेल, तर प्रात्यक्षिक पाहायला जरूर जा, आणि एक आग्रह धरा. विकणारी मंडळी नेहमी सर्वाधिकार असलेल्या माणसाच्या नावाने प्रवेश करून दाखवतात. त्याला सगळेच दिसते, त्यामुळे सगळे छान चालते. त्यांना सांगा, की आमच्या सर्वांत कनिष्ठ लिपिकाच्या नावाने आत शिरा आणि एक अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत भरून दाखवा. निवड करा, बदला, पुन्हा बदला, आणि बेरीज काय येते ते पाहा. मग तो अर्ज एक्सेलमध्ये उतरवा आणि शीर्षकांची ओळ मोठ्याने वाचायला सांगा. पडद्यावर नव्हते असे एखादे शीर्षक त्यात निघाले, तर ते तिथे का आहे हे तिथेच विचारा. आणि शेवटी, अर्ज नामंजूर करायला लावा. नामंजुरीचे कारण लिहिण्याचा रकाना असतोच. ज्याचा अर्ज नामंजूर झाला, त्याच्या पडद्यावर तो उघडतो का, ते त्याच्या खुर्चीत बसून पाहा.